शहाणं दुखणं

गोजराबाईला ते दुखणं पहिल्यांदा जात्यावर आलं. दिवाळी होऊन गेली होती. नवी ज्वारी अजून वावरातच उभी होती आणि घरात सरत आलेल्या जुन्या ज्वारीचं दळण चाललं होतं. जात्याच्या एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला तिची मोठी जाऊ प्रयागबाई, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. इतक्या वर्षांत दोघींचा हात असा बसला होता की ओढतं कोण आणि लोटतं कोण, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या दिवशी मधेच गोजराबाईच्या छातीत काहीतरी दाबल्यासारखं झालं. टोचलं नाही, कापलं नाही. कोणी छातीच्या मधोमध गुडघा रोवावा आणि मग अंगाचा भार त्यावर टाकत जावा, तसं होतं ते. तो भार डाव्या खांद्यात सरकला, खांद्यातून दंडात उतरला, आणि तिचा हात खुंट्यावरून आपोआप सुटला.

"काय झालं वं?" प्रयागबाईनं विचारलं. जातं अर्ध्या फेऱ्यात थांबलं होतं.

"काही नाही बाई. जरासक थांबा."

ती भिंतीला टेकली. डोळे मिटले. थोड्या वेळात भार आपला आपण उतरला, मागे काही न ठेवता. दुखून गेलेल्या जागी ठणका राहतो, तसा ठणकाही नव्हता. तिनं पुन्हा खुंट्याला हात लावला, प्रयागबाईनं जात्यात मूठभर दाणे टाकले, आणि उरलेलं दळण झालं. हळूहळू झालं, पण झालं.

जऊळक्याच्या स्टेशनपासून कोसभर आत त्यांचं गाव. गोजराबाईचा नवरा बबनराव कुणब्याचा, आठ-दहा जणांचं पोट भरेल एवढी जमीन, पण राबणारी माणसं तीनच. बबनरावाचा मोठा भाऊ मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला, तेव्हापासून प्रयागबाई विधवा. तिला मूलबाळ नव्हतं. ती या घरात आली तेव्हा बबनराव रांगत होता, त्यामुळे ती त्याला नावानं हाक मारी आणि तो तिला आईइतकाच भीत असे. गोजराबाईची एकुलती पोरगी कमली कामरगावला दिलेली. घरात बायका म्हणून या दोघीच. दळण, पाणी, सारवण, शेण, भाकरी, आणि या सगळ्यानंतर वावर.

गावातल्या विहिरीचं पाणी खारं. प्यायचं पाणी गावाखालच्या नाल्याकाठच्या विहिरीवरून आणावं लागे. जाताना उतार, येताना चढ. चढ फार मोठा नव्हता. लहान पोरी तो हसतखिदळत चढत. पण दळणाच्या त्या दिवसानंतर गोजराबाईला तो चढ वेगळाच दिसायला लागला. डोक्यावर हंडा, कमरेवर घागर घेऊन ती अर्ध्यावर आली की छातीवर तो गुडघा बसे. ती हंडा उतरवून वाटेकडेच्या दगडावर बसे. बसली की भार उतरे. उठून चालली, की थोडं अंतर जाताच पुन्हा चढे.

पाणी भरणाऱ्या बायकांना सगळं दिसतं. शेजारची धुरपताबाई तोंडानं फटकळ, मनानं वाईट नव्हती. एक दिवस गोजराबाई दगडावर बसलेली पाहून ती बाकीच्यांना म्हणाली, "गोजराबाईचं दुखणं लय शहाणं हाये वं बाई. डोक्शावर हंडा आला का येते, अन् खाली ठेवला का जाते."

बायका हसल्या. गोजराबाईही हसली, कारण धुरपताबाई खोटं काही बोलली नव्हती. तसंच तर होत होतं. ताप आला तर अंग तापतं, पाय मुरगळला तर सुजतो. इथं दाखवायला काहीच नव्हतं. बसलेल्या बाईकडे पाहिलं तर ती धडधाकट दिसे, आणि धडधाकट बाई वाटेत बसली तर तिला काय म्हणतात हे तिला माहीत होतं. तिनंही दुसऱ्यांना तेच म्हटलं असतं.

घरी तिनं ओवा चावला, हिंग पोटाला लावला, विटेचा शेक घेतला. बबनरावाला सांगितलं तेव्हा तो बैलाच्या खांद्याला तेल लावत होता. मान वर न करता म्हणाला, "गॅस असंल. ओवा खाय." मग प्रयागबाईनंच पुंजाजीला बोलावलं. पुंजाजी गावात बिब्बे घालायचा. त्यानं पोट चाचपलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि वायगोळा वर चढला आहे असं सांगितलं. बिब्बा दिव्यावर धरून सुईच्या टोकानं त्यानं तिच्या छातीखाली काळ्या रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशी तिथं फोड उठले. लुगड्याचा पदर लागला तरी आग होई. म्हणून प्रयागबाईनं तिला जात्याला आणि पाण्याला हात लावू दिला नाही. फोड वाळून खपल्या पडेपर्यंत गोजराबाई ओसरीत बसून कापसातली कवडी, म्हणजे किडका कापूस, वेचत राहिली, आणि तेवढे दिवस छातीत एकदाही दुखलं नाही.

सगळ्यांना बरं वाटलं. पुंजाजीला जेवायला बोलावलं. प्रयागबाईनं त्याच्या ताटात दोनदा तूप वाढलं.

खपल्या पडल्या त्या सकाळी गोजराबाई हंडा घेऊन नाल्यावर गेली. येताना त्याच दगडापाशी तिची पावलं थांबली. तिनं त्या दिवशी घरी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण जात्यावर लपवणार कसं? हात ढिला पडला आणि जात्याचा सगळा भार प्रयागबाईच्या हातावर गेला, तेव्हा तिनं जातं थांबवलं आणि जावेकडे पाहत राहिली.

"बिब्ब्यानं गेलं होतं ना?"

"गेलं होतं बाई."

"मंग आता काहून आलं?"

गोजराबाईनं सांडलेलं पीठ हातानं गोळा केलं.

"बसून होती तोवर बरं होतं," प्रयागबाई शांतपणे म्हणाली. "उठाची येळ आली अन् दुखाले लागलं. मी म्हतारी झाली गोजरा, पण लहान लेकरू नाही." आणि तिनं एकटीनं खुंटा ओढायला सुरुवात केली. गोजराबाई समोर नुसती बसून राहिली. एकटीच्या हातानं जातं जड आवाज करत फिरत होतं.

त्या दिवसापासून गोजराबाईला आपल्याच अंगाची शंका यायला लागली. हे दुखणं खरं आहे, की आपल्या जिवालाच कामाचा कंटाळा आला आहे? कंटाळा तर होताच. लग्न झाल्यापासून तिला आठवत होतं ते सगळं उचलणं, ओढणं आणि वाहणं होतं. कधीकधी सकाळी डोळा उघडला की अजून पाय जमिनीला लागले नसताना ती थकलेली असे. असा थकलेला जीव बहाणे शोधत असेल तर? एक दिवस तिनं ठरवलं की थांबायचंच नाही. दुखू दे, काय होतं पाहू. चढाच्या मध्यावर भार आला, ती चालत राहिली. भार दंडात उतरला, मग गळ्याकडे चढला, खालच्या जबड्यात शिरला. सगळे दात एकदम ठणकायला लागले. अंगाला थंड घाम सुटला, वाट डोळ्यांपुढून तिरपी झाली. हंडा कसा उतरवला हे तिला कळलं नाही. ती रस्त्याच्या कडेला गवतात बसली, आणि आपण इथंच मरणार असं तिला इतकं स्पष्ट वाटलं की ती घाबरलीसुद्धा नाही. फक्त हंडा सांडू नये म्हणून तिनं त्यावर हात ठेवला.

मग तेही उतरलं.

त्यानंतर ती भांडली नाही, सांगितलंही नाही. ती युक्त्या शिकली. थांबायची वेळ आली की हंडा खाली ठेवून पाय वर उचलायची आणि तळव्यातला काटा शोधल्यासारखं करायची. जेवल्याबरोबर चढ चढला की दुखणं लवकर येतं, थंड वाऱ्यात तर त्याहून लवकर, हे तिनं ओळखलं आणि पाण्याला ऊन निघाल्यावर जायला लागली. उन्हं वर आल्यावर पाण्याला जाणारी म्हणून आणखी नाव झालं. गोजराबाईच्याच पायात एवढे काटे कसे रुततात, असं धुरपताबाई एकदा म्हणाली. बोलायलाही दम लागतो, तो गोजराबाई चढासाठी राखून ठेवत होती.

पौषात ज्वारीचा कडबा घरी आणायचं काम निघालं. गाडी ओढ्याच्या अलीकडे येत नव्हती, म्हणून पेंढ्या डोक्यावर तिथवर न्यायच्या होत्या. सकाळ इतकी थंड होती की बैलांच्या नाकातून वाफ निघत होती. बबनरावानं बायकोच्या डोक्यावर पेंढ्यांचा भारा चढवला, आपल्या डोक्यावर दुसरा घेतला आणि तिच्या मागून चालायला लागला. थोडं पुढं गेल्यावर तिची चाल मंदावली. मग ती थांबली. भारा खाली टाकून ती वाकली, पायातला काटा शोधायला वाकावं तशी. पण बबनराव अगदी मागे होता, आणि तिचा हात पायाकडे गेलाच नव्हता. उजव्या हाताची मूठ छातीवर दाबलेली होती. त्यानं पुढे येऊन पाहिलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि त्या थंडीत तिच्या कपाळावरून घाम ओघळून हनुवटीवरून टपकत होता. चोळी पाठीला चिकटली होती.

बबनरावानं आपला भारा टाकला.

"कुठी दुखते?"

तिनं मूठ तशीच दाबली.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं होतं," ती म्हणाली. दुखणं आता उतरत होतं, आवाज परत येत होता. "तुमी म्हणलं, ओवा खाय."

बबनरावानं दोन्ही भारे एकामागून एक गाडीपर्यंत नेले. गोजराबाई मागून हात हलवत आली. हलक्या हातानं चालताना तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

चार दिवसांनी तो तिला जऊळक्याहून आगगाडीनं वाशिमला घेऊन गेला. सरकारी दवाखान्यात नवे डॉक्टर आले होते. वय फार नव्हतं, पण डोळ्यांखाली काळं झालेलं, आणि बाहेर ओट्यावर माणसांची रांग. त्यांनी विचारलं ते बबनराव सांगू लागला. गॅसचं आहे, बिब्बा घातला होता, चढावर बसते. डॉक्टरांनी त्याला हातानं थांबवलं.

"दुखतं कुणाला?"

"हिले."

"मग त्यांना सांगू द्या."

परक्या माणसाशी बोलायची गोजराबाईला सवय नव्हती. पदर तोंडाशी धरून ती बोलायला लागली आणि बोलता बोलता पदर खाली आला. चढावर येतं. जात्यावर येतं. थंडीत जास्त, जेवल्यावर जास्त. बसलं का थांबते. डॉक्टर ऐकत होते आणि मधेमधे मान हलवत होते, जणू ही गोष्ट त्यांनी आधी कुठं तरी ऐकली होती. नळी लावून त्यांनी छाती तपासली. मग तिला बाहेर नेऊन दवाखान्याच्या ओट्याच्या पायऱ्या चढायला आणि उतरायला सांगितल्या. रांगेतली माणसं पाहत होती. ती चढली, उतरली, पुन्हा चढली. थोड्या वेळानं तिची मूठ छातीकडे गेली तशी डॉक्टरांनी तिला लगेच बसवलं, नाडीवर बोटं ठेवली आणि एका बारीक बाटलीतून मोहरीपेक्षा जरा मोठी पांढरी गोळी काढून जिभेखाली ठेवायला दिली. गोळी चटकन विरघळली. डोकं ठणठणायला लागलं, पण छातीवरचा भार आपण होऊन उतरायच्या आधीच सुटला.

"गॅस नाही," डॉक्टर म्हणाले. "हृदयाचं दुखणं आहे. बाई, तुमच्या हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्या अरुंद झाल्या आहेत. बसल्या जागी भागतं. मेहनत केली की हृदयाला जास्त रक्त लागतं, तेवढं मिळत नाही, म्हणून ते दुखतं. थांबलात की पुन्हा पुरतं."

"म्हंजे खरंच दुखते?" गोजराबाईनं विचारलं.

डॉक्टरांना तो प्रश्न कळला नाही. "हो, खरंच दुखतं. दुखेलच."

पुढे त्यांनी बबनरावाला बाजूला नेऊन बरंच सांगितलं. या दुखण्यावर मुळापासून इलाज नाही. गोळी तेवढ्यापुरती. जड उचलणं, दळणं, चढणं बंद. एखाद्या दिवशी बसूनही दुखणं थांबलं नाही तर माणूस जाऊ शकतो. बबनराव ते ऐकून हबकला. बाकावर बसलेल्या गोजराबाईलाही त्यातलं निम्मं ऐकू आलं होतं. पण तिच्या मनावर त्या घडीला वेगळंच काही पसरत होतं. दुखणं खरं होतं. ती बहाणे करत नव्हती. जिवाची भीती नंतर येणार होती, गाडीत बसल्यावर, खिडकीतून कापसाच्या पराट्या मागे सरकताना. त्या बाकावर मात्र तिला फक्त हलकं वाटलं, आणि तशा बसल्या जागीच तिचा डोळा लागला.

घरी आल्यावर बबनरावानं वहिनीला सांगितलं. प्रयागबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी तव्यावर टाकली.

"मेहनत केली का दुखते, अन् बसलं का बरं वाटते," ती म्हणाली. "हा रोग तर मलेबी हाये. गावातल्या समद्या बायकाईले हाये."

"तसं नाही वैनी. डागदरानं तपासलं."

"तपासलं असंल. मी कुठी नाही म्हणते?" तिनं भाकरी उलटली. तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, त्यांत पीठ भरलं होतं. "तिचं दुखणं खरं असंल. पण तिनं दळाचं नाही, पानी आनाचं नाही, तर आनाचं कोनं? मले साठी लागली बबन. माह्या हाताले कोनता डागदर पाहील?"

गोजराबाई दाराआड उभी होती. जावेचा तिला राग आला नाही. ती म्हणत होती तेही खरंच होतं, आणि दोन खरी दुखणी एका घरात मावत नव्हती.

मग दिवस तसेच चालले. प्रयागबाई दळायची आणि पाण्याच्या खेपा करायची. येताजाता काहीबाही बोलायची, आणि रात्री तिचे खांदे इतके भरून यायचे की कुशीवर वळताना ती कण्हायची. ते कण्हणं ऐकलं की गोजराबाई सकाळी उठून एखादी घागर उचलायचीच. गोळ्यांची बाटली तिनं कमरेच्या पिशवीत पानतंबाखूसारखी खोचलेली असे. दुखलं की गोळी, गोळीनं डोकं ठणकायचं, मग पुन्हा काम. कोणी थांब म्हणत नव्हतं. कर असंही कोणी म्हणत नव्हतं.

होळीच्या सुमारास प्रयागबाईला हिवताप आला. दुपारी हुडहुडी भरे, तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत, मग अंग भाजून निघे आणि शेवटी घामानं अंथरूण भिजे. ती आतल्या खोलीत पडून होती. बबनराव हरभऱ्याच्या वावरात. घरातलं पीठ संपलं होतं. मनकर्णाबाई नावाची शेजारीण एकदा पायलीभर दळून देऊन गेली होती, पण तिच्याही घरी दळण होतं, तिला दुसऱ्यांदा सांगायला गोजराबाईची जीभ उचलली नाही. दुपारी जाऊ झोपलेली पाहून तिनं ज्वारीची पाटी घेतली आणि एकटीच जात्यावर बसली.

प्रयागबाई झोपलेली नव्हती. ताप उतरणीला लागला होता, डोळे मिटले होते, कान उघडे होते. तिनं जात्याचा आवाज ऐकला. घरघर सुरू झाली, थोडी चालली, आणि थांबली. बराच वेळ काहीच नाही. पुन्हा सुरू झाली. पुन्हा थांबली. आधी प्रयागबाईला नेहमीसारखा रागच आला. झालं हिचं सुरू, असं तिच्या मनात आलं. मग ती पडल्या पडल्या विचार करायला लागली. घरात कोणी नाही. बबन वावरात, आपण तापात. दळायला कोणी सांगितलं नाही. दळलं तर शाबास म्हणायला कोणी नाही, थांबलं तर टोकायला कोणी नाही. मग ही थांबून राहिली आहे ती कोणाला दाखवायला?

जातं पुन्हा सुरू झालं नाही. प्रयागबाईनं वाट पाहिली. तिला वाटलं आता होईल, आता होईल. झालं नाही. ती गोधडी बाजूला सारून उठली. भिंतीला धरत धरत ती दारापर्यंत आली.

गोजराबाई भिंतीला टेकून बसली होती. एक हात अजून खुंट्यावर होता, दुसऱ्याची मूठ छातीवर. तोंड थोडं उघडं होतं, ओठ निळसर दिसत होते आणि डोळे समोरच्या पाटीवर लागलेले होते. ती पाहत मात्र कशाकडेच नव्हती. बारीक बाटली मांडीपाशी आडवी पडली होती, झाकण निघालेलं. जाऊ दारात उभी आहे हे तिला कळलं नाही. कोणी पाहत नसताना माणसाचा जो चेहरा असतो तो प्रयागबाईनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. इतकी वर्षं समोरासमोर बसून तिनं तो कधी पाहिला नव्हता.

ती खाली बसली आणि गोजराबाईचा हात खुंट्यावरून सोडवून आपल्या हातात घेतला. तो हात गार होता. प्रयागबाईचा तापानं जळत होता.

"गोळी ठेवली का?"

गोजराबाईनं मान हलवली. मग काही वेळानं पुटपुटली, "पीठ नाही बाई घरात."

"राहू दे."

"तुमाले पेजेले तरी..."

"राहू दे म्हणते ना. बोलू नोको."

दोघी तशाच बसून राहिल्या. त्या दिवशी भार उतरायला फार वेळ लागला. ऊन ओसरीतून अंगणात गेलं. शेवटी गोजराबाईच्या तोंडावर थोडा रंग आला आणि तिनं मोठा श्वास सोडला. प्रयागबाईनं बाटलीचं झाकण शोधून लावलं.

"मले वाटत होतं तू मले फसवून राह्यली," ती म्हणाली.

"मलेबी तसंच वाटे," गोजराबाई म्हणाली. "का मी समद्याईले फसवून राह्यली म्हून."

संध्याकाळी बबनराव वावरातून आला तेव्हा वहिनी गोधडी पांघरून ओसरीत बसली होती. तिनं त्याला हातपाय धुवायलाही थांबू दिलं नाही.

"बबन, उद्या पोतंभर ज्वारी जऊळक्याले ने. स्टेशनापाशी इंजिनची चक्की बसली हाये म्हणतात."

बबनरावाला खरं वाटेना. ती चक्की बसली तेव्हापासून प्रयागबाई तिला नावं ठेवत होती. त्या पिठाला जळका वास येतो, त्याची भाकरी म्हणजे माती, असं तिनं गावभर सांगितलं होतं.

"अन् पान्याचं?" त्यानं विचारलं.

"पानी तू आन."

"मी? वैनी, लोक काय म्हणतीन?"

"लोकाईनं मले साठ वर्सं काही कमी नाही म्हणलं," प्रयागबाई म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, चढला नाही. "हंडा डोक्शावर घ्याची लाज वाटत असंल तं गाडीवर पिंप ठेव. पन पानी तू आन. हे आता माह्याच्यानं होत नाही, अन् तिच्यानं तं होतच नाही."

बबनरावानं गाडीवर लाकडी पिंप बांधलं. पहिले काही दिवस विहिरीवरच्या बायका तो आला की तोंडाला पदर लावून बाजूला सरत. पुरुष माणसानं विहिरीत पोहरा सोडलेला पाहून चावडीवर थट्टा झाली. एकानं त्याला हंड्याखाली डोक्यावर ठेवायला चुंबळ विणून देऊ का विचारलं. बबनराव मान खाली घालून पाणी भरायचा. मग लोकांना सवय झाली. धुरपताबाई एक दिवस गोजराबाईपाशी ओसरीत येऊन बसली, बराच वेळ गावच्या गोष्टी करत राहिली आणि जाताना म्हणाली, "तुह्या दुखण्याले मी नाव ठेवलं होतं बाई. मनात नोको धरू." गोजराबाईनं तिला कुंकू लावलं.

इंजिनच्या पिठाला खरंच जळका वास यायचा. प्रयागबाई ती भाकरी खाताना तोंड वाकडं करायची, पण पुन्हा जात्याचं नाव तिनं काढलं नाही.

गोजराबाई बरी झाली नाही. या दुखण्यात बरं होणं नव्हतंच. बसून होण्यासारखं काम ती करायची. डाळ निवडायची, कापूस पिंजायची, भाकरी करायची, सांजवात लावायची. दुखणं आठवड्यातून एखाद्या वेळी यायचं, गोळीनं जायचं. बबनराव वाशिमला जाऊन बाटली भरून आणायचा. कमली माहेरी आली तेव्हा आईचं नुसतं बसणं पाहून तिला रडू आलं. गोजराबाई तिला म्हणाली की मी आत्ता कुठं बसली, तू रडून मले उठवू नोको.

वावरातलं काम मात्र प्रयागबाईला सुटलं नाही. निंदण, वेचणी, ती जायची. संध्याकाळी येऊन ओसरीत उघड्या जमिनीवर आडवी व्हायची, आणि गोजराबाई सुपानं तिला वारा घालायची.

"थकल्या बाई?"

"थकली."

"मले लाज वाटते."

"वाटू दे," प्रयागबाई डोळे न उघडता म्हणायची. "लाजेनं काही निंदन होत नाही. हात दुखंल तुहा, ठेव थे सूप."

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या श्रावणात एका दुपारी गोजराबाई तुरी निवडत बसली होती. प्रयागबाई वावरातून आली तेव्हा ती भिंतीला टेकलेली होती, मान एका बाजूला कललेली, आणि ओंजळीतल्या तुरी मांडीवर सांडलेल्या. गोळीची बाटली कमरेलाच होती. ती काढायची वेळही तिच्यावर आली नव्हती, किंवा आली असेल आणि तिनं काढली नसेल. ते कोणालाच सांगता येणार नव्हतं. प्रयागबाईनं आधी तिच्या मांडीवरच्या तुरी गोळा केल्या, मग तिचा पदर नीट केला, आणि मगच बाहेर जाऊन बबनरावाला हाक मारली.

तेरावा झाल्यावर पाहुणे गेले. कमली निघताना म्हणाली, मोठी आई, मी राहू का महिनाभर? प्रयागबाईनं तिला राहू दिलं नाही. तुह्या घरचं तुले पुरे हाये, असं म्हणून तिनं तिला गाडीत बसवलं. गाडी वळणाआड गेल्यावर ती परत येऊन उंबऱ्यावर बसली आणि पाय अंगणात लांब सोडले. पाऊस उघडला होता. चूल पेटवायची वेळ झाली होती. बबनराव कमलीला वाटेला लावून, येताना पाण्याचं पिंप भरून आला. त्यानं एकट्यानंच पाणी आत नेऊन ओतलं, मग चुलीपाशी बसून काड्या मोडायला लागला. ओल्या काड्यांचा धूर दारातून बाहेर आला. प्रयागबाईनं एकदा मान वळवून आत पाहिलं. पण ती उठली नाही.